न उघडलेला मेसेज

वाटी कोरडी होती, आणि पंकजाने तिचा फोटो काढला.

सकाळचे पावणेनऊ वाजले होते. खांद्याला डब्याची पिशवी, हातात स्कूटीची किल्ली, अशी ती गॅलरीच्या दारात उभी होती. तिच्या पावलांची चाहूल लागली तसा ससा पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यातून पुढे आला, रोज येतो तसा, आणि पुढचे दोन्ही पाय वाटीच्या काठावर टेकवून वर बघत राहिला. त्याला वाटलं असणार, ही पाणी घेऊन आली. वाटीच्या तळाशी केडगावच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार सुकून बसला होता. तो फोटोत नीट दिसावा म्हणून पंकजा थोडी वाकली. बेसिनचा नळ तिच्यापासून चार पावलांवर होता. तिने फोटो दिशाला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आज मी भरणार नाही. ससा तुझा आहे, तू बघ.’ दिशाच्या खोलीचं दार बंद होतं. लोळत पडली असेल, उठेल, फोन बघेल, शरमेल आणि पाणी ठेवेल, असं पंकजाने मनाशी धरलं, गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि जिना उतरली. जिना उतरताना तिला बरं वाटत होतं. पुढे तिला हेच पुन्हा पुन्हा आठवणार होतं, की त्या सकाळी आपल्याला बरं वाटलं होतं.

मुबारकबींच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत त्या दोघी दीड वर्षापासून राहत होत्या. पंकजा काष्टीची, दिल्ली गेटजवळच्या एका लॅबमध्ये रक्त काढण्याचं आणि तपासण्याचं काम करणारी. दिशा पुणतांब्याची, मोटरसायकलच्या शोरूममध्ये काउंटरवर बसणारी, हसरी, विसरभोळी, गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलत बसणारी. दिशाचं लग्न ठरलं होतं. दिवाळीत तिचा होणारा नवरा हर्षल बुटांच्या खोक्यात घालून हा ससा घेऊन आला, खोक्याला पेनाने भोकं पाडलेली. दिशाने त्याचं नाव बत्तासा ठेवलं. पहिले दोन महिने ती त्याला कडेवर घेऊन घरभर हिंडायची, व्हिडिओ कॉलवर हर्षलला दाखवायची. फेब्रुवारीत हर्षलच्या घरून निरोप आला की पत्रिका पुन्हा दाखवली, जमत नाही. साखरपुडा झाल्यावर पत्रिका पुन्हा कोण दाखवतं? पुण्यात त्याने दुसरी मुलगी पाहिली होती, हे आठवड्यात सगळ्यांना कळलं. त्यानंतर दिशा गॅलरीकडे जाईनाशी झाली. कपडे वाळत घालायचीसुद्धा नाही, खुर्चीवर टाकायची. पंकजाला ते कळत होतं. न कळण्याइतकी ती दगड नव्हती. ससा समोर आला की दिशाची मान कशी दुसरीकडे वळते, हे तिने पाहिलं होतं. पण एक आठवडा गेला, दोन गेले, दोन महिने गेले, आणि बत्तासा हळूहळू सगळाच पंकजाच्या अंगावर आला. लेंड्या झाडायच्या तिने, भाजीवाल्याकडून कोथिंबिरीच्या काड्या मागून आणायच्या तिने, पिंजऱ्याखालचे पेपर बदलायचे तिने. ती हे सगळं करायची, पण करताना पिंजऱ्याचं दार जरा जोरात आपटायची, बादली फरशीवर जरा आवाज करून ठेवायची. पलीकडच्या खोलीत ऐकू जावं म्हणून.

रविवारी संध्याकाळी भांडण झालं. भांडण म्हणजे पंकजाच बोलली. “जीव पाळायचा तर बघायचं असतं दिशा, खेळणं नाही ते. उद्यापासून मी हात लावणार नाही.” दिशा गादीवर उशी पोटाशी धरून बसली होती. “बरोबर आहे तुझं,” एवढंच म्हणाली. तिने उलट बोलायला हवं होतं, असं पंकजाला वाटलं. सोमवारी संध्याकाळी घरी येऊन पाहिलं तर वाटीत पाणी होतं, पालक टाकलेला होता. त्या क्षणी आपल्याला काय वाटलं, हे पंकजाने कित्येक दिवस स्वतःलासुद्धा कबूल केलं नाही. तिचा हिरमोड झाला होता. ती बरोबर ठरण्याची तयारी करून आली होती, आणि वाटी भरलेली होती. म्हणून मंगळवारी कोरडी वाटी दिसली तेव्हा तिने नळाकडे नाही, फोनकडे हात नेला.

लॅबमध्ये त्या दिवशी गर्दी होती. एप्रिलचा तिसरा आठवडा, उन्हाने लोक पटापट आजारी पडत होते. अकरा वाजता हात धुऊन तिने फोन पाहिला. फोटोखाली एकच टिक. मेसेज पोचलाच नव्हता. झोपली असेल फोन बंद करून, असं म्हणत तिने पुढच्या म्हातारीच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली. तिची शीर कधी चुकत नाही. ट्यूबवर नाव, वय, वेळ, सगळं ती अगदी टापटीप लिहिते, आणि दुसऱ्या कुणाकडून चूक झाली की तिला ती लांबूनही दिसते. लहानपणापासून ती अशीच. काष्टीला तिचे वडील सहादेव, तिचे तात्या, शेळ्यांचा व्यापार करायचे. घरी दोन-तीन शेळ्या कायम बांधलेल्या, आणि त्यांना उन्हातून सावलीत बांधायचे वार तिच्यात आणि धाकट्या पार्थमध्ये वाटून दिलेले. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पार्थचा वार होता आणि पार्थ पोहायला गेला होता. पंकजा ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. समोर शेळी उन्हात तोंड वासून धापा टाकत होती, आणि ती बघत बसली, वडील येईपर्यंत बघत बसली. वडील आले, त्यांनी शेळी सोडून लिंबाखाली नेली, बादली लावली. मग पार्थ आल्यावर त्याच्या पाठीत दोन धपाटे बसले. त्या दिवशी तिला चिंचांपेक्षा गोड काहीतरी मिळालं होतं. वडील रात्री जेवताना तिच्याकडे बघून म्हणाले होते, “तू हुतीस ना घरी?” ती म्हणाली, “आज माझा वार नव्हता.” वडिलांनी घास खाली ठेवला. “जनावर कुनाचंबी असू दे पोरी, तहान त्याची असती.” मग ते जेवले. तिला वाटलं, तात्या पार्थची बाजू घेतायत.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन थरथरला. ती खुर्चीत बसून डबा उघडत होती. पडद्यावर वरच्या बाजूला दिशाचं नाव आलं. तिने मेसेज उघडला नाही. बोटाने नुसतं वरून खाली ओढलं आणि तिथेच वाचलं. ‘अगं मी पहाटेच पुणतांब्याला आले, मोबाईल बंद पडला होता, तुझा फोटो आत्ता दिसला. हर्षलकडचे आज साखरपुड्याच्या वस्तू परत न्यायला आलेत, आईने बोलावून घेतलं. तुला सांगायला हवं होतं, सॉरी. प्लीज आजचा दिवस त्याला पाणी ठेव ना. तुझे उपकार होतील.’ म्हणजे घरी कोणी नव्हतं. सकाळपासून कोणी नव्हतं. हे तिला स्वच्छ कळलं. गॅलरीवर दुपारी एकनंतर ऊन येतं, हेही तिला ठाऊक होतं, तिचे कपडे तिथे अर्ध्या तासात वाळून कडक होतात. स्कूटीने जाऊन यायला पाऊण तास लागला असता. लॅबच्या मॅडम नाही म्हणाल्या नसत्या. मुबारकबींना फोन केला असता तरी चाललं असतं, त्यांच्याकडे वरची किल्ली असते. तिने मेसेज तसाच, न उघडता ठेवला. उघडला असता तर निळ्या टिक गेल्या असत्या, मग काहीतरी करावं लागलं असतं. बत्तासा तिच्या डोळ्यांसमोर आला नाही असं नाही. आला. पिंजऱ्यासकट आला. तिने त्याला बाजूला सारलं आणि मटकीची उसळ खाल्ली. एका दिवसाने काय होतंय, असं ती मनात म्हणाली, पण त्या म्हणण्याच्याही खाली दुसरं एक वाक्य होतं, उघड न म्हटलेलं: होऊ दे थोडं काहीतरी, म्हणजे कळेल तिला.

साडेपाचला ती निघाली. नेहमी सहाला निघते, त्या दिवशी साडेपाचलाच निघाली, आणि पुणे रोडवर तिने स्कूटी नेहमीपेक्षा जोरात चालवली. काहीही कळलं नाही असं जे नंतर तिने सगळ्यांना सांगितलं, त्याला ॲक्सिलरेटर पिळणाऱ्या तिच्या स्वतःच्या मनगटाने तेव्हाच खोटं पाडलं होतं. गॅलरीचं दार उघडलं तर चुलीच्या तोंडासारखी झळ अंगावर आली. बत्तासा एका अंगावर, पाय लांब करून पडला होता. सशाला असं झोपलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. कान हातात घेतले तर तापलेल्या पत्र्यासारखे. हनुवटीखालची लव ओली होती, पोट फार भराभर वरखाली होत होतं. तिने ओंजळीने पाणी घातलं, ते तोंडाच्या कडेने गळून गेलं. ओल्या टॉवेलात गुंडाळून ती धावत खाली आली. मुबारकबी अंगणात वाळवण काढत होत्या. “काय झालं गं? ससा आजारी का?” त्यांनी हातातलं सूप खाली टाकलं आणि मागे स्कूटीवर बसल्या, सत्तरीच्या बाई, टॉवेल छातीशी धरून. जनावरांच्या डॉक्टरने टेबलावर ठेवून दिवा लावला, कानामागे हात लावला, थर्मामीटर लावला. मग दिवा बंद केला. तरुण होता, आवाज न चढवता त्याने विचारलं, “पाणी कधीपासून नव्हतं?” आणि पंकजा म्हणाली, “रूममेटचा आहे तो. ती बघत नाही.”

वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्यात एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरने मान हलवली. “लोक हौसेनं आणतात,” तो म्हणाला. मुबारकबींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “तू तरी किती करनार बेटा. ज्याचं त्यानं बघायला पायजे.” तो हात चांगला जड होता, उबदार होता, आणि पंकजाला वाटलं, हा हात आता काढावा यांनी. त्यांनी काढला नाही. घरी येईपर्यंत त्या तिला धीर देत राहिल्या. मागच्या अंगणात, सीताफळाच्या झाडाजवळ मुबारकबींनी स्वतः खुरप्याने खड्डा केला. पंकजा वर गेली, बेसिनला हात धुतले, धुतच राहिली. मग तिने एक गोष्ट केली. कोरडी वाटी घासली, काठोकाठ भरली आणि रिकाम्या पिंजऱ्यात ठेवली. कोणासाठी ठेवली? बघायला कोणीच येणार नव्हतं. ती भरलेली वाटी बघत ती पाच-दहा मिनिटं उभी राहिली, मग उचलून ओतून दिली. त्यानंतर मेसेज उघडला आणि लिहिलं, ‘आत्ता बघितला तुझा मेसेज. लॅबमध्ये फोन ड्रॉवरमध्ये होता. दिशा, बत्तासा गेला गं.’

दिशा दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिच्या हातातली अंगठी गेलेली होती, तिथे फिकट पट्टा उरला होता. ती आधी रडली नाही. पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसली, आणि मग पंकजाचे दोन्ही हात धरून म्हणाली, “तू एवढं केलंस त्याचं. मला एक दिवस जमलं नाही. पहाटे निघताना माझ्या मनात आलं होतं, वाटी बघावी. पण तो वर बघतो ना गं पाय ठेवून, ते मला बघवत नव्हतं. म्हणून मी तशीच गेले. मी मारलं त्याला.” तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पंकजाचं तोंड उघडलंही होतं. पण समोरचा माणूस आधीच गुन्हा कबूल करून मोकळा झाला होता, आणि तयार असलेली जागा अशी गुळगुळीत होती की तिचा पाय आपोआप तिथे पडला. “जाऊ दे गं,” ती म्हणाली, “होतं असं. मुद्दाम नाही केलंस तू.” दिशा तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. पंकजाने तिच्या केसांवरून हात फिरवला. केसांवरून फिरणारा तो हात तिला कुठल्यातरी परक्या बाईचा वाटत होता, चांगल्या बाईचा.

आठवड्याभरात दिशाने शोरूमला रजा टाकली आणि ती गावी गेली. मग घर मोकळं झालं. पंकजाला इतकी शांतता पूर्वी आवडली असती. आता सकाळी आवरताना तिचे कान गॅलरीकडे लागायचे. ससा ओरडत नाही. मांजर ओरडतं, कुत्रं भुंकतं, शेळीसुद्धा बें बें करते. तो प्राणी फक्त पुढे येऊन उभा राहतो. बाकी सगळं समोरच्याने समजून घ्यायचं असतं. फोटो अजून फोनमध्ये होता. पुसून टाकायला ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा तिला वाटलं, हे म्हणजे पुन्हा वाटी भरून ठेवण्यासारखंच. फोटोत, मागच्या खोलीतल्या दिव्यामुळे, तिची सावलीही आली होती, वाकलेली, बत्ताशाच्या अंगावर पडलेली, हे तिच्या नंतर लक्षात आलं. लॅबमध्ये ती नेहमीसारखी होती. पण एकदा एका म्हाताऱ्याची शीर तिला दोनदा सापडली नाही, आणि तो म्हणाला, “असू द्या ताई, होतं असं,” तेव्हा तिला आत जाऊन बसावं लागलं. दिशाचा रोज फोन यायचा. तेच बोलणं. मी कशी होते, मी कुणालाच सांभाळू शकत नाही, हर्षलने बरोबर ओळखलं मला. आणि रोज पंकजा म्हणायची, जाऊ दे गं. हे म्हणण्याची तिला सवय होत चालली होती, आणि त्या सवयीत, कितीही शरम असली तरी, कुठेतरी थोडीशी मऊ गादी होती. याची तिला सगळ्यांत जास्त किळस यायची.

मग दिशाच्या आईचा, रतनबाईंचा फोन आला. “बाई, तू एकदा येऊन जा. पोरगी जेवत न्हाई. आर्धी भाकरी बी पोटात जात न्हाई. तुजंच नाव घेती. तू समजाव तिला.” पंकजा रविवारी सकाळच्या पॅसेंजरने निघाली. खिडकीबाहेर वांबोरी गेलं, राहुरी गेलं, उसाची हिरवी रानं सुरू झाली, आणि तिने मनात वाक्यं जुळवायला घेतली. मी कामात होते. ऊन इतकं असेल असं वाटलं नव्हतं. मलाही खूप त्रास झाला. प्रत्येक वाक्य ती जिभेवर ठेवून बघायची आणि प्रत्येक वाक्यात एक मागचं दार असायचं. बेलापूर येईपर्यंत तिच्याकडे एकही वाक्य उरलं नाही. परत फिरावं असंही वाटलं. पण पुणतांब्याच्या स्टेशनवर रतनबाई स्वतः घ्यायला आल्या होत्या, डोक्यावरचा पदर दातात धरून गाडीचे डबे बघत.

घर वस्तीवर होतं, पेरूच्या बागेच्या कडेला. दारात गेल्या गेल्या रतनबाईंनी शेजारच्या केशरबाईंना हाक मारली. “आवो, ही बगा ती. परक्याचं जनावर पोटच्यावानी सांभाळलं हिनं. आमचीला काय जमलं न्हाई, पन हिनं शेवटपत्तूर केलं.” केशरबाईंनी पंकजाकडे नीट पाहिलं, हात पुढे करून तिच्या चेहऱ्यावरून ओवाळला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. “लई मोठं मन लागतं त्याला,” त्या म्हणाल्या. पंकजा पायांतल्या चपला काढत वाकली ती जरुरीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिली. चपलेचा बंद सुटत नाही असं तिने दाखवलं.

दिशा मागच्या दारी गोठ्याकडे तोंड करून पायरीवर बसली होती. गालाची हाडं वर आली होती. गोठ्यात एक गाय आणि पंधरा दिवसांचं वासरू होतं. वासरू दाव्याला ओढ देऊन दिशाच्या दिशेने मान लांब करत होतं आणि दिशा पाय आखडून घेत होती. “आई म्हणते, पूर्वी धार तूच काढायचीस, आता काढ,” ती म्हणाली. “मी नाही जात त्यांच्याजवळ. माझ्या हातानं काही जगत नाही गं, पंकजा. हे मी उगाच बोलत नाहीये. मला खरंच तसं वाटतं.” तिने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जणू आपला रक्तगट सांगावा. पंकजा तिच्या शेजारी बसली. दुपारचा एक वाजला होता. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“दिशा, तुझा मेसेज मी तेव्हाच वाचला होता. एक वीसला.”

“कोणता मेसेज?”

“त्या दिवशीचा. पाणी ठेव म्हणून.”

दिशाने मान वळवली. “तू म्हणालीस, फोन ड्रॉवरमध्ये होता.”

“नव्हता. हातात होता. मी मेसेज उघडला नाही, पण वरून वाचला. सगळा वाचला.”

आतला भाकरीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. दिशाने विचारलं, “मग गेली का नाहीस?”

“तुला अद्दल घडावी म्हणून.”

“आणि तो?”

“तो डोळ्यांसमोर आला होता,” पंकजा म्हणाली. “मी त्याला बाजूला ठेवला. सकाळी फोटो काढला तेव्हाही तो पाय ठेवून उभा होता. नळ तिथेच होता.”

“डॉक्टरला काय सांगितलंस?”

“तू बघत नाहीस म्हणून.”

दिशाने गुडघ्यांवर हनुवटी टेकवली. “मी बघत नव्हतेच,” ती म्हणाली. “ते खरं आहे. ते माझंच आहे, ते तू घेऊ नकोस.” मग वासराकडे बघत ती पुढे बोलली तेव्हा तिचा आवाज पंकजाने कधीच ऐकला नव्हता असा होता, खालचा, दात एकमेकांवर दाबून काढलेला. “पण महिनाभर मी तुला रोज फोन करत होते. रोज. आणि तू मला ‘जाऊ दे गं’ म्हणत होतीस. तू मला माफ करत होतीस, पंकजा.”

पंकजाने तोंडावर हात ठेवला. सॉरी हा शब्द आता काढणं म्हणजे आणखी काहीतरी मागणं होतं, एवढं तिला कळलं. तिने तो काढला नाही. दिशा उठली, तिला अंग लागू नये अशी घाईने तिच्या बाजूने पलीकडे गेली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिने आईला सांगितलं. आवाज न चढवता, तीन-चार वाक्यांत, काही न वाढवता आणि काही न गाळता. पंकजाला पायरीवर प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मग रतनबाईंचा आवाज आला, त्यात फोनवरचं ‘बाई’ नव्हतं. “ताटं वाढलीत. बसा दोगी.”

“मी निघते,” पंकजा उंबऱ्याशी येऊन म्हणाली.

“उपाशी न्हाई जायाचं हितनं,” रतनबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. “बस.”

ती बसली. समोर दिशा बसली. ताटात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कैरीची चटणी. दिशाने भाकरीचा मोठा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग दुसरा. ती रागाने जेवत होती, मान वर न करता, डोळ्यांतून पाणी गळत असताना, भाकरी मोडताना बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. भाकरी संपली तेव्हा तिने ताट पुढे सरकवलं. “आजून वाढ,” ती म्हणाली. रतनबाईंनी आणखी एक भाकरी घातली, आणि तव्यासमोरून तशाच मागे वळून लेकीचं जेवण बघत राहिल्या. हाताची पाठ त्यांनी डोळ्यांना लावली. मग पंकजाच्या ताटातही, तिला न विचारता, आमटीची एक पळी ओतली. पंकजाने घास केला, तोंडात घातला. तो तिथेच फिरत राहिला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते, आणि परतीची गाडी पाचनंतर होती.